जेरुसलेमचा जुना कोरीव नकाशा हाती आला तर

नागपुरात जेरुसलेमचा जुना कोरीव नकाशा, म्हणजे पत्र्यावर किंवा लाकडावर कोरून कागदावर छापलेला नकाशा, सापडणे वाटते तितके नवलाचे नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली येथे आले, १८८३ मध्ये त्यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले, आणि मिशनच्या शाळा, चर्च व ख्रिस्ती कुटुंबे यांच्या निमित्ताने या शहरात बायबले आणि धर्मग्रंथ येत राहिले. अशा ग्रंथांची शिवण सुटली की त्यातील चित्रे आणि नकाशे सर्वांत आधी वेगळे होतात. मग कधी घर आवरताना ट्रंकेच्या तळाशी, कधी रद्दीच्या गठ्ठ्यात, तर कधी जुन्या फ्रेममध्ये दुसऱ्याच चित्रामागे असा एखादा कागद दिसतो. मराठी बायबल ज्या नगराला यरुशलेम म्हणते, त्याच्या भिंती, वेशी आणि मंदिर त्यावर बारीक रेघांत कोरलेले असतात.

असा कागद हाती आल्यावर बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात: तो किती जुना आहे आणि त्याचे किती पैसे मिळतील. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असला पाहिजे: हा कागद मुळात कोणत्या पुस्तकातला आहे? सोळाव्या ते अठराव्या शतकातील जेरुसलेमचे बहुतेक कोरीव नकाशे भिंतीवर लावण्यासाठी नव्हे, तर नगरांचे संग्रह, बायबल, बायबलाचे कोश आणि यात्रावर्णने यांत घालण्यासाठी छापले गेले. मूळ पुस्तक सापडले की साल, कोरणारा, छापखाना आणि नगराचे चित्र तसे का काढले आहे, या सर्वांची उत्तरे त्याच्या पाठोपाठ मिळतात. म्हणून पुढील सर्व तपासणी त्या एका शोधासाठी करावयाची आहे.

आरंभी कूलर आणि पंखा बंद करावा, टेबलावर स्वच्छ पांढरी चादर अंथरावी आणि हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. हातमोज्यांची आवश्यकता नाही. जाड मोज्यांमुळे कागदाची कड जाणवत नाही आणि ती फाटण्याचा धोका वाढतो. जवळ दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी, मऊ शिसपेन्सिल आणि टॉर्च ठेवावी. शाईचे पेन खोलीतही नसावे. कागद दोन्ही हातांनी, समोरासमोरच्या कडांना धरून उचलावा. नकाशा फ्रेममध्ये असेल आणि मागील पुठ्ठ्याला चिकटलेला दिसत असेल, तर तो ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये.

छपाई कोणती आहे

ताम्रपटावरील कोरीव काम कसे होत असे हे एकदा समजले की पुढील खुणा पाठ कराव्या लागत नाहीत. कारागीर गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर टोकदार छिन्नीने रेघा उलट्या, आरशात दिसतील तशा कोरत असे. पत्र्यावर शाई चोळून ती पृष्ठभागावरून पुसून घेतली जाई, त्यामुळे शाई फक्त कोरलेल्या चरांत उरे. त्यावर ओलसर कागद ठेवून तो जड रुळांमधून दाबून काढला की कागद चरांत शिरून शाई उचलत असे. आपल्याकडेही ही कला अनोळखी नव्हती. मिरजेत १८०५ साली भगवद्गीता ताम्रपटांवर कोरून छापली गेली होती.

या पद्धतीमुळे कागदावर दोन खुणा राहतात. पहिली म्हणजे शाईच्या रेघा किंचित उंच असतात. खोली अंधारी करून टॉर्चचा प्रकाश अगदी आडवा, कागदाच्या पातळीत टाकला तर त्यांची सावली दिसते. दुसरी म्हणजे पत्र्याच्या कडांचा दाब. चित्राच्या बाहेर चारही बाजूंनी एक बसकी चौकट उमटलेली असते. ती मिळाली तर तिची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवावी. संपूर्ण कागदाचे माप फारसे उपयोगाचे नाही, कारण कडा कोणीही कापू शकतो. पत्र्याचे माप मात्र त्या पत्र्यावरून निघालेल्या प्रत्येक प्रतीत जवळपास सारखे असते. ओला कागद वाळताना आकसतो, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचा फरक दुर्लक्षित करावा. कडा चौकटीच्या आतून कापल्या असतील तर ही खूण दिसणार नाही, पण तेवढ्यावरून नकाशा खोटा ठरत नाही.

रेघा जाड आणि टोकांशी बोथट असतील आणि पाठीमागच्या बाजूने त्यांचा दाब बोटांना जाणवत असेल, तर ती लाकडी ठशाची छपाई असण्याची शक्यता अधिक. ही पद्धत ताम्रपटापेक्षा जुनी आहे आणि पंधराव्या शतकातील काही अत्यंत प्रसिद्ध जेरुसलेमचित्रे तिच्यातलीच आहेत. रेघांना दाणेदार, खडूसारखा पोत असेल आणि चौकट नसेल तर तो शिळाछाप, म्हणजे सामान्यतः एकोणिसाव्या शतकातील. भिंगाखाली रेघ सलग न दिसता ठराविक अंतरावरच्या ठिपक्यांनी बनलेली दिसली, तर ती अलीकडची यांत्रिक छपाई आहे आणि तपासणी तेथेच थांबवता येते. चहाच्या पाण्यात भिजवून पिवळी केलेली अशी छापे पुष्कळ फिरतात. त्यांचा पिवळेपणा दोन्ही बाजूंना अगदी एकसारखा असतो, तर खरा जुना कागद कडेला जास्त आणि आत कमी काळवंडलेला असतो.

कागद उजेडाला धरून पाहणे

यानंतर कागद खिडकीच्या उजेडाला धरावा, मात्र थेट उन्हात नव्हे. त्यात जवळजवळच्या बारीक रेषांचे जाळे आणि त्यांना काटकोनात, साधारण दोन ते तीन सेंटिमीटर अंतरावर काही ठळक रेषा दिसल्या तर तो तारांच्या चाळणीवर हाताने बनवलेला कागद आहे. १८०० च्या आधीचे बहुतेक युरोपीय कागद असेच आहेत. अशा रेषा मुळीच नसलेला, एकसंध दिसणारा कागद युरोपीय छपाईत १७५७ पासून वापरात आला आणि एकोणिसाव्या शतकात सर्वत्र पसरला. तेव्हा सतराव्या शतकाचे साल छापलेला नकाशा अशा एकसंध कागदावर असेल, तर एक तर तो नंतरची प्रतिकृती आहे किंवा जुन्या पत्र्यावरून पुढे कधीतरी पुन्हा काढलेला छाप आहे. कागद ठिसूळ, कडेने विटकरी आणि हाताळताच तुकडे पडणारा असेल, तर तो लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा समजावा.

कागदात जलखूण, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेले चिन्ह, दिसल्यास तिचे चित्र पेन्सिलीने वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावे. मधोमध घडी असेल तर नकाशा दुपानी स्वरूपात पुस्तकात शिवलेला होता. मागील बाजूस लॅटिन, जर्मन किंवा फ्रेंच मजकूर असेल तर तो पुसट का होईना, आवर्जून जपावा. नगरांच्या मोठ्या संग्रहांत एकाच पत्र्यावरून अनेक भाषांतील आवृत्त्या छापल्या जात आणि आवृत्ती ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा हा मागचा मजकूर असतो. फ्रेम करणाऱ्यांना नेमकी हीच बाजू नकोशी असते.

रंगांविषयी थोडे सावध राहावे. जुने नकाशे काळ्या शाईत छापून हाताने रंगवले जात, पण जुन्या काळ्या-पांढऱ्या नकाशांना विक्रीसाठी अलीकडे रंग दिल्याची उदाहरणेही कमी नाहीत. हिरवा रंग पाहावा. तांब्यापासून बनवलेला जुना हिरवा रंग हळूहळू कागद खातो, आणि त्याची तपकिरी सावली मागच्या बाजूला उमटते. ती सावली असेल तर रंगही जुना असण्याची शक्यता बरीच वाढते.

अक्षरे वाचणे

आता चौकटीतील तळाची ओळ भिंगाखाली वाचावी. ‘डेलिनेआविट’ या लॅटिन शब्दाआधीचे नाव रेखाटणाऱ्याचे, ‘स्कुल्प्सिट’ किंवा त्याचे संक्षिप्त ‘स्कुल्प’ याआधीचे नाव कोरणाऱ्याचे, आणि ‘एक्स्कुडिट’ याआधीचे नाव प्रकाशकाचे असते. पत्रा एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे विकला गेला की प्रकाशकाचे नाव खरवडून नवे कोरले जाई. त्या जागी पुसट भुताटकी अक्षरे दिसतात का, हे अवश्य पाहावे. लॅटिन शिलालेखी पद्धतीत ‘यू’च्या जागी ‘व्ही’ आणि ‘जे’च्या जागी ‘आय’ असतो, आणि लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. साल बहुधा रोमन आकड्यांत असते: ‘एम डी सी एल व्ही आय आय’ म्हणजे १६५७.

हे साल उगीच निवडलेले नाही. लंडनमध्ये १६५७ साली पूर्ण झालेल्या ब्रायन वॉल्टन यांच्या बहुभाषी बायबलासाठी प्राग येथे जन्मलेल्या वेन्झेल हॉलर या कोरीवकाराने जेरुसलेमचा नकाशा कोरला होता. इंग्रजी ग्रंथांतून आपल्याकडे आलेले नकाशे पाहताना हे नाव आणि ओगुस्तँ काल्मे या फ्रेंच बेनेडिक्टाइन पंडिताचे नाव मनाशी ठेवावे. काल्मे यांचा बायबलकोश १७२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याची इंग्रजी भाषांतरे निघाली, आणि त्यातील चित्रपट्टिका पुढे अनेक पुस्तकांत उतरल्या. घरात सापडलेला नकाशा काल्मेच्या वंशावळीतला असण्याची शक्यता मोठ्या नावांच्या नकाशांपेक्षा कितीतरी अधिक आहे.

नगर ओळखणे

येथपर्यंत आल्यावर मगच चित्राकडे वळावे, कारण जेरुसलेमचे चित्र फसवे असते. पहिला प्रश्न दिशेचा. उत्तर वर असते हा आपला समज येथे बाजूला ठेवावा लागतो. यात्रेकरू पूर्वेकडील जैतुनांच्या डोंगरावरून नगराकडे पाहत, म्हणून अनेक चित्रांत तळाशी पूर्व आणि वर पश्चिम असते. १४८६ साली माइन्झ येथे छापलेल्या ब्राइडेनबाख यांच्या यात्रावर्णनात एरहार्ड रॉइविख यांनी काढलेले लाकडी ठशाचे विस्तृत दृश्य असेच आहे. एवढेच नव्हे, तर ख्रिस्ताच्या कबरीवरील चर्चचे दक्षिणेकडील दार त्यांनी वाचकाकडे वळवून दाखवले आहे. याउलट क्रिस्तियान फान आद्रिकोम यांच्या १५८४ च्या नकाशात पूर्व वर आहे: मंदिर वरच्या भागात, तर येशूला जेथे क्रुसावर दिले ती कालवरीची टेकडी खाली, भिंतीबाहेर. दिशा ठरवायची सोपी युक्ती अशी की केद्रोनची दरी आणि तिच्यापलीकडील जैतुनांचा डोंगर शोधावा. ती बाजू पूर्व.

दुसरा प्रश्न असा की हे कोणत्या काळातील जेरुसलेम आहे. कोरीवकारांसमोर दोन नगरे होती, एक धर्मग्रंथातले आणि एक उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्की, साम्राज्यातले. आद्रिकोम जेरुसलेमला कधीही गेले नव्हते. त्यांनी ग्रंथांवरून ख्रिस्तकालीन नगर उभे केले आणि येशूच्या अखेरच्या वाटेवरील ठिकाणांना क्रमांक दिले. जेथे रथ, यज्ञवेदी आणि भव्य यहुदी मंदिर दिसते आणि शेकडो आकडे विखुरलेले असतात, तेथे हा ग्रंथातला वंश समजावा. जेथे अष्टकोनी इमारतीवरचा घुमट, चंद्रकोरी आणि सलग तटबंदी दिसते तेथे समकालीन नगर दाखवण्याचा प्रयत्न आहे. आजही उभा असलेला तट सुलतान सुलेमान यांनी १५३७ ते १५४१ या काळात बांधवला. ही घुमटाची इमारत (डोम ऑफ द रॉक) सातव्या शतकाच्या अखेरीची, उमय्या खलिफांच्या काळातील असली तरी युरोपीय चित्रांत तिच्याशेजारी ‘टेम्प्लुम सालोमोनिस’, म्हणजे सलोमोनाचे मंदिर, असे लिहिलेले वारंवार आढळते. ही चूक तुमच्या प्रतीतली नाही, त्या काळातली आहे. ब्राउन आणि होगेनबर्ग यांनी कोलोन येथे १५७२ पासून काढलेल्या नगरसंग्रहाच्या पहिल्या खंडात तर प्राचीन आणि समकालीन अशी दोन्ही जेरुसलेमे एकाच कागदावर शेजारी-शेजारी बसवलेली आहेत.

ह्या नकाशांकडून रस्त्यांच्या अचूकतेची अपेक्षा करू नये. हाइनरिख ब्युंटिंग यांनी १५८१ साली सारे जग तीन पाकळ्यांच्या पानासारखे काढून मध्यभागी जेरुसलेम ठेवले होते. झिरो माइलच्या दगडी खांबाजवळ उभे राहून देशाचा मध्य आपल्या पायाखाली आहे असे पाहुण्यांना सांगणाऱ्या नागपूरकराला त्यातील भाव सहज कळावा! मोजणीवर आधारलेला नेमका नकाशा पुढे ब्रिटिश सैनिकी अभियंता चार्ल्स विल्सन यांच्या १८६४-६५ च्या सर्वेक्षणातून, १:२५०० या प्रमाणावर तयार झाला, आणि त्यामागचे निमित्त शहराच्या पाणीपुरवठ्याचे होते. तुमच्या नकाशात समोच्चरेषा आणि मोजपट्टी नीट असेल तर तो या नंतरच्या घराण्यातला आहे.

जमवलेली माहिती म्हणजे पत्र्याचे माप, नावे, वरची दिशा, मागील मजकुराची भाषा आणि क्रमांकांची संख्या घेऊन मग जुळणी करावी. इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील एरान लाओर नकाशासंग्रह आणि अमेरिकेतील डेव्हिड रम्से संग्रह यांच्या उत्तम प्रतिमा इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. एकंदर साम्यावर विश्वास न ठेवता एखादे झाड, जहाज, उंट किंवा ढग निवडून त्याच्या रेघा मोजाव्यात. नकलाकार इमारती निगुतीने उतरवतो, पण झाडाच्या पानांशी त्याचा धीर सुटतो.

विकत घेताना आणि बाहेर पाठवताना

विकत घ्यावयाचा असल्यास फ्रेम उघडून दोन्ही बाजू पाहू द्याव्यात असा आग्रह धरावा. विक्रेता नकार देत असेल तर व्यवहार टाळावा. आणखी एक बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि एखादी वस्तू या व्याख्येत बसते की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ठरवते. नकाशा परदेशात छापलेला आहे म्हणून तो सुटतो असे गृहीत धरू नये. परदेशातील मुलाकडे किंवा खरेदीदाराकडे पाठवण्याआधी सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडे लेखी विचारणा करावी.

नागपूरच्या हवेत जपणूक

कागदाला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती स्थिर असावी लागते. आपल्या शहरात नेमके उलटे घडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला, हवा पापड भाजावी इतकी कोरडी, आणि त्याच खोलीत कूलर वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा तासन्‌तास फेकत असतो. दुपारी कागद ओल शोषून फुगतो, कूलर बंद झाला की आकसतो, आणि असे दररोज चालले की तो लाटांसारखा वाकतो व जुन्या घडीवर चिरतो. त्यामुळे ज्या खोलीत कूलर चालतो तेथे नकाशा लावू नये, हा माझ्या अनुभवातला सर्वांत उपयोगी नियम आहे. पश्चिमेची तापणारी भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत याही वर्ज्य. घराच्या मधल्या खोलीची आतली भिंत निवडावी. प्रकाश मंद, ५० लक्सच्या आसपास असावा.

माझा पहिला नकाशा मी फ्रेम करावयास दिला तेव्हा काहीच सूचना दिल्या नव्हत्या. आठ दिवसांनी तो फेविकॉलने हार्डबोर्डवर पूर्ण चिकटवलेला, कडा ‘सरळ’ करून कापलेला आणि काचेला टेकलेला परत मिळाला. पत्र्याची चौकट गेली, मागचा मजकूर कायमचा झाकला गेला. दुकानदाराने काम त्याच्या परीने नीटनेटकेच केले होते. सांगणे माझे काम होते. म्हणून सूचना कागदावर लिहून द्याव्यात: काहीही कापायचे नाही, चिकटवायचे नाही, लॅमिनेशन करायचे नाही. मागे आणि भोवती आम्लरहित माउंटबोर्ड हवा, प्लायवूड किंवा हार्डबोर्ड नको. नकाशा वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या छोट्या बिजागऱ्यांनी लटकवावा. त्यांना गव्हाच्या स्टार्चची शिजवलेली खळ लावतात, कारण ती पाण्याने पुन्हा सुटते. कुरडयांसाठी काढतो तो चीक त्याच जातीचा, पण त्यात मीठ असते, तेव्हा घरचा वापरू नये. काच आणि नकाशा यांत माउंटच्या जाडीएवढे अंतर राहिले पाहिजे, आणि काच अतिनील किरण अडवणारी मिळाल्यास उत्तम.

साफसफाई मऊ, कोरड्या ब्रशने, मधून बाहेरच्या दिशेने, एवढीच करावी. तपकिरी ठिपके घालवण्यासाठी पाणी, ब्लीच किंवा घरगुती उपाय करू नयेत. हाताने दिलेले रंग क्षणात पसरतात. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत कागदात उतरून तपकिरी डाग देतो आणि तो डाग निघत नाही. डांबराच्या गोळ्या आणि ओला कडुलिंबाचा पाला कागदाला टेकवून ठेवण्याची पद्धतही सोडून द्यावी. मोठी दुरुस्ती आवश्यक असेल तर कागद जतन करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडेच जावे; लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळा किंवा वारसा जतन करणारी संस्था इंटॅक यांच्याकडे त्यासाठी विचारणा करता येते.

फ्रेम न करता ठेवावयाचे असल्यास नकाशा आम्लरहित कागदाच्या दुमडीत, सपाट, लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात ठेवावा. गुंडाळी करू नये. त्याच्यासोबत वेगळ्या कागदावर पेन्सिलीने पत्र्याचे माप, सापडलेली नावे, कोणत्या पुस्तकाशी जुळला आणि घरात तो कोणाकडून आला हे लिहून ठेवावे. पाऊस सरला, दसरा झाला आणि हवा कोरडी झाली की वर्षातून एकदा तो उघडून कडांवर कसरीचे कुरतडणे, मागे वाळवीची माती आणि हिरव्या रंगाखाली नवी चीर दिसते का, एवढे पाहून पुन्हा बंद करावा.